कृषी गणनेतील १४.६५ कोटी वहिती खाती आणि पाहणीतील ९.३ कोटी शेतकरी कुटुंबे : कोणता आकडा कशाचा?

माळरान

शेतजमिनीचे तुकडे कसकसे होत गेले यावर तालुक्याच्या पातळीवरचे एक टिपण मी तयार करत आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात सुमारे १४.६५ कोटी वहिती खाती आहेत, त्यांच्याखालील क्षेत्र १५.७८ कोटी हेक्टर आहे आणि सरासरी खाते १.०८ हेक्टरांचे आहे. याउलट राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या ७७ व्या फेरीत, म्हणजे २०१९ मध्ये झालेल्या पाहणीत, ग्रामीण भारतातील शेतकरी कुटुंबे सुमारे ९.३ कोटीच भरतात. तीन-चार वर्षांत पाच कोटी कुटुंबांनी शेती सोडली असे कोणीच म्हणणार नाही. मग दोन्ही ठिकाणी मोजले जाते ते नेमके काय?

दुसरी शंका महाराष्ट्राविषयी आहे. १९७०-७१ च्या पहिल्या गणनेत राज्यात सुमारे ४९.५ लाख खाती होती आणि सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये खाती १५२.८५ लाखांवर गेली आणि सरासरी १.३४ हेक्टरांवर आली. खाती तिपटीहून अधिक झाली, परंतु त्यांच्याखालील एकूण जमीन जवळपास तेवढीच राहिली. या घसरणीतला किती भाग प्रत्यक्ष शेतावरचा आणि किती भाग कागदावरचा, हे ठरवण्याचा काही मार्ग आहे का?

तिसरे म्हणजे, जमीन वापराचे जे नऊ प्रकारांचे वर्गीकरण दरवर्षी प्रसिद्ध होते, ते आणि कृषी गणनेतील जमीन वापर एकच समजावा की वेगळा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

नोंदवही

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण हे आकडे रोज उद्धृत होतात आणि त्यांच्यामागची व्याख्या क्वचितच कोणी वाचते. महसूल विभागात असताना कृषी गणनेच्या कामाशी माझा बराच संबंध आला, त्या आधारे लिहितो.

गणनेचे एकक शेतकरी नाही, कुटुंब नाही आणि मालकही नाही. ते आहे वहिती खाते. पूर्णतः किंवा अंशतः शेती उत्पादनासाठी वापरली जाणारी आणि एका व्यक्तीने एकट्याने किंवा इतरांसोबत एकाच व्यवस्थापनाखाली कसलेली सर्व जमीन मिळून एक वहिती खाते होते. मालकी कोणाची, कायदेशीर स्वरूप काय, क्षेत्र किती आणि तुकडे कोठे कोठे आहेत, या गोष्टींचा त्या व्याख्येशी संबंध नाही. एकच व्यवस्थापन म्हणजे मजूर, अवजारे आणि जनावरे ही साधने समाईक असणे आणि काय पेरायचे, कधी पेरायचे हा निर्णय एका ठिकाणी होणे. ही चौकट संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या जागतिक कृषी गणना कार्यक्रमातून आलेली आहे आणि भारताने १९७०-७१ पासून दर पाच वर्षांनी ती वापरली आहे. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. जागतिक व्याख्येत जनावरेही धरली जातात, त्यामुळे जमीन नसलेला पशुपालकही तेथे मोजला जाऊ शकतो. आपल्याकडे जमीन कसली जात असेल तरच खाते होते. जमीन नसलेला गोठा पशुगणनेत दिसेल, कृषी गणनेत दिसणार नाही.

खात्याचे तीन प्रकार असतात. एका व्यक्तीने किंवा एकाच कुटुंबातील अनेकांनी मिळून कसलेले ते वैयक्तिक खाते. येथे कुटुंबाची खूण एक चूल ही आहे. वेगवेगळ्या कुटुंबांतील व्यक्तींनी भागीदारीत कसलेले ते संयुक्त खाते, आणि कृषी विद्यापीठ, साखर कारखाना, देवस्थान अशांच्या ताब्यातील शेती म्हणजे संस्थात्मक खाते. त्यानंतर आकारमानाचे पाच गट येतात. एक हेक्टरपर्यंत सीमांत, एक ते दोन अल्प, दोन ते चार अर्धमध्यम, चार ते दहा मध्यम आणि दहा हेक्टर व त्याहून अधिक असल्यास मोठे. आपण दिलेल्या २०१५-१६ च्या आकड्यांत सीमांत आणि अल्प मिळून ८६.०८ टक्के खाती आहेत, परंतु त्यांच्याकडे क्षेत्र ४६.९४ टक्केच आहे. मोठी खाती अवघी ०.५७ टक्के असून त्यांच्याकडे सुमारे ९ टक्के क्षेत्र आहे.

व्याख्या अशी असली तरी माहिती कोठून घेतली जाते, यावर सारे अवलंबून आहे. ज्या राज्यांत गावोगाव जमिनीचे अद्ययावत अभिलेख आहेत, तेथे गणनेचा पहिला टप्पा घरोघरी विचारून होत नाही. तो अभिलेखांचे पुन्हा तक्ते करून होतो आणि महाराष्ट्र अशा राज्यांत मोडतो. पश्चिम बंगाल, केरळ, ओडिशा यांसारख्या राज्यांत मात्र २० टक्के गावे निवडून तेथे प्रत्यक्ष चौकशी केली जाते. दुसऱ्या टप्प्यात सिंचन, पीकरचना, वहिवाटीचा प्रकार, जमिनीचे विखुरलेपण असा तपशील २० टक्के गावांतून घेतला जातो. तिसरा टप्पा निविष्ठा पाहणीचा असतो. त्यात ७ टक्के गावे निवडून प्रत्येक गावात पाचही आकारगटांतून काही खाती घेतात आणि बियाणे, खते, कीटकनाशके, अवजारे, कर्ज यांविषयी विचारतात. संदर्भ वर्ष १ जुलै ते ३० जून असे कृषी वर्ष असते.

आता महाराष्ट्रात पहिल्या टप्प्याचा आधार काय, तर सातबारा आणि आठ-अ. आठ-अ हा धारण केलेल्या जमिनीचा उतारा आहे. जमीन कोणाच्या नावावर आहे हे तो सांगतो, ती कोण कसतो हे सांगत नाही. व्याख्या विचारते कसणाऱ्याबद्दल आणि दप्तर उत्तर देते धारकाबद्दल. हे अंतर भरून काढण्याचे काम गावातील माहीतगार कर्मचाऱ्यावर सोपवलेले असते. तो गावाला किती ओळखतो आणि त्याच्याकडे किती गावे सोपवलेली आहेत, यावर त्या कामाचा दर्जा ठरतो. मला गणनेची निंदा करायची नाही. कोट्यवधी खात्यांची यादी दर पाच वर्षांनी उभी करण्याचा याहून स्वस्त मार्ग नव्हता. परंतु आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच फटीत आहे.

शिवार_अभ्यासक

वरील प्रतिसादाला एका उदाहरणाची जोड देतो. कृषी अर्थशास्त्र शिकवताना मी हेच उदाहरण फळ्यावर मांडतो, कारण व्याख्या वाचून जे लक्षात येत नाही ते एका गटाचा हिशेब केला की लक्षात येते.

समजा, ३ हेक्टर ६० आर क्षेत्राचा एक गट आहे. वडील वारल्यानंतर वारस नोंद झाली, पुढे वाटपही झाले आणि तीन भावांच्या नावे प्रत्येकी १ हेक्टर २० आर असे तीन आठ-अ तयार झाले. मधला भाऊ शहरात नोकरी करतो. थोरला आणि धाकटा एका चुलीवर जेवतात आणि मधल्याची जमीनही थोरलाच अर्धेलीने, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर, कसतो. अर्धेलीचा कागद नाही. पेरणी, फवारणी, काढणी, विक्री हे सारे निर्णय थोरल्याचे आहेत. व्याख्येप्रमाणे हे ३.६० हेक्टरांचे एकच वैयक्तिक खाते आहे आणि ते अर्धमध्यम गटात बसते. दप्तरातून थेट तक्ता केला, तर येथे १.२० हेक्टरांची तीन अल्पभूधारक खाती दिसतील. जमीन तीच, बैल-ट्रॅक्टर तेच, पीक तेच, परंतु एका तक्त्यात मधल्या आकाराचा एक शेतकरी आहे आणि दुसऱ्यात तीन छोटे आहेत. अशी कुटुंबे लाखांनी असतील, तर सरासरी किती खाली ओढली जाईल याचा अंदाज करता येतो.

आता ९.३ कोटींकडे येऊ. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची पाहणी घरापासून सुरू होते, जमिनीपासून नाही. ती फक्त ग्रामीण भागात होते. मागील ३६५ दिवसांत शेती, पशुपालन किंवा संलग्न कामांतून ४,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीचे उत्पादन झालेले असावे आणि घरातील निदान एक सदस्य मुख्य किंवा दुय्यम स्वरूपात शेतीत स्वयंरोजगार करत असावा, या दोन अटी पूर्ण करणारे घर तेथे शेतकरी कुटुंब ठरते. वरील उदाहरणात या पाहणीला एकच शेतकरी कुटुंब सापडेल. मधला भाऊ शहरात असल्याने तो नमुन्याच्या कक्षेतच नाही. दप्तराधारित गणनेत मात्र त्याचे खाते राहते. शिवाय एकाच घरात पती, पत्नी आणि आई यांची वेगवेगळी खाती असली, तरी पाहणीसाठी ते घर एकच असते. उलट दिशेनेही फरक पडतो. स्वतःची जमीन नसलेले, पण दोन म्हशींच्या दुधावर चालणारे घर पाहणीत शेतकरी कुटुंब म्हणून येऊ शकते आणि गणनेत येत नाही.

म्हणून या दोन आकड्यांची वजाबाकी करून काही निष्कर्ष काढणे चूक आहे. दोघांची एकके वेगळी, मोजण्याची जागा वेगळी आणि वगळण्याच्या अटीही वेगळ्या.

महाराष्ट्राच्या घसरणीतला कागदी भाग किती, हे गणनेच्या एकट्या तक्त्यांवरून सांगता येणार नाही. तथापि पूर्ण घसरण कागदी आहे असे समजणे तितकेच चुकीचे ठरेल. वारसांची संख्या वाढली, विभक्त चुली वाढल्या, विहिरीवर वेगळ्या पाळ्या आल्या, बांधावर बांध आले, हे कोणत्याही गावात पायी फिरणाऱ्याला दिसते. कागदी वाटप बऱ्याचदा खऱ्या वाटपाच्या पुढे धावते आणि काही ठिकाणी मागेही राहते. आजोबांच्या नावावर असलेली जमीन तीन नातू वेगवेगळी कसत असतील, तर दप्तरात एक खाते आणि शेतावर तीन, अशी उलट स्थितीही आढळते.

माळरान

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. तीन भावांचे उदाहरण फार उपयोगी पडले. त्यावरूनच एक उपप्रश्न येतो. थोरल्या भावाची अर्धेली सातबाऱ्यावर का दिसत नाही? पीकपाहणीत कसणाऱ्याची नोंद करण्याची सोय होती ना?

नोंदवही

सोय होती, परंतु तिचा वापर न होण्यामागे पक्के कारण आहे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ आणि त्यातील सुधारणांनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. विदर्भ आणि मराठवाड्यासाठी स्वतंत्र कुळकायदे होते. त्या कायद्यांनी असंख्य कष्टकऱ्यांना जमीन मिळवून दिली, याबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. परंतु त्यानंतर जमीनमालकाच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली की, दुसऱ्याचे नाव कसणारा म्हणून उताऱ्यावर चढले तर जमीन हातची जाईल. तेव्हापासून अर्धेली, बटई, खंड हे व्यवहार तोंडी चालतात आणि उताऱ्यावर शेरा येतो तो 'खुद्द' असा. गणनेच्या दुसऱ्या टप्प्यात वहिवाटीच्या प्रकाराचा रकाना असतो, पण दप्तरावर अवलंबून राहिल्यास त्यात भाडेपट्ट्याचे क्षेत्र अगदीच थोडे दिसते. आपल्या टिपणात 'तालुक्यात भाडेपट्टा नगण्य आहे' असे वाक्य येणार असेल, तर ते कृपया गाळावे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवरून शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र टाकतो. पीक आणि क्षेत्र यांच्या नोंदीसाठी ही मोठी सुधारणा आहे. मात्र नोंद खातेदाराच्या नावाखालीच होते, त्यामुळे बटईदार तेथेही अदृश्य राहतो. अकराव्या गणनेत, म्हणजे २०२१-२२ संदर्भ वर्षासाठी, कागदी तक्त्यांऐवजी टॅबलेट आणि स्मार्टफोन वापरले गेले. त्याने बेरजांच्या चुका कमी होतील, पण स्रोत दप्तरच असेल तर कसणाऱ्याचा प्रश्न सुटत नाही.

काळी_आई

मी महिला शेतकऱ्यांच्या गटांसोबत काम करते आणि या चर्चेतील एक बाजू राहून गेली आहे असे वाटल्याने लिहिते. २०१५-१६ च्या गणनेत महिला वहितीदारांचे प्रमाण १३.९६ टक्के आहे. त्याआधीच्या, म्हणजे २०१०-११ च्या गणनेत ते १२.७९ टक्के होते. या वाढीचे स्वागत करणारे लेख मी वाचले आहेत. पण नोंदवही यांनी सांगितलेली रीत लक्षात घेतली, तर महाराष्ट्रासारख्या राज्यात हा आकडा मुख्यतः उताऱ्यावर बाईचे नाव आहे की नाही एवढेच सांगतो.

यात दोन्ही बाजूंनी दिशाभूल होते. पती वारल्यावर वारस म्हणून नाव लागलेली, परंतु दिराच्या किंवा मुलाच्या निर्णयाने ज्यांची जमीन कसली जाते अशा अनेक बायका या टक्केवारीत आहेत. दुसरीकडे, नवरा कामासाठी परगावी गेल्यावर बियाणे निवडण्यापासून बाजारात माल नेण्यापर्यंत सर्व निर्णय घेणाऱ्या कितीतरी जणी या टक्केवारीत नाहीत, कारण उतारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर आहे. व्याख्या काटेकोरपणे लावली तर वहितीदार त्याच आहेत. ग्रामीण भागात कामाला असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शेतीत आहेत, हे श्रमबळाच्या पाहण्यांतून दिसते. मोजमापाने त्यांचे कष्ट मान्य केले आणि निर्णयाचा अधिकार मात्र ओळखलाच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. राज्यात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजनेखाली पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावता येते. ते जरूर लावावे, पण गणनेतील प्रगणकानेही 'हे शेत कोण चालवते' हा प्रश्न दारात जाऊन विचारला पाहिजे.

माळरान यांना विनंती अशी की, टिपणात महिलांचा आकडा देताना 'महिला शेतकरी' असे न लिहिता 'महिलांच्या नावे असलेली वहिती खाती' असे लिहावे.

शिवार_अभ्यासक

काळी_आई यांच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. जमीन वापराचा प्रश्न मागे राहिला होता, त्याचे उत्तर देतो.

दरवर्षी प्रसिद्ध होणारे नऊ प्रकारांचे वर्गीकरण संपूर्ण भूभागाचे असते. वनांखालील क्षेत्र, बिगरशेती वापराखालील जमीन, नापीक व मशागतीस अयोग्य जमीन, कायमची कुरणे, किरकोळ झाडे व झुडपे यांखालील क्षेत्र, मशागतयोग्य पडीक, इतर पड, चालू पड आणि निव्वळ पेरणी क्षेत्र असे ते नऊ प्रकार आहेत. कोणी कसो वा न कसो, गावातला प्रत्येक आर यांपैकी एका रकान्यात पडला पाहिजे. कृषी गणनेतील जमीन वापर मात्र फक्त वहिती खात्यांच्या आतल्या जमिनीचा असतो. गायरान, वनजमीन, नदीपात्र तेथे येत नाही. म्हणून गावाचे एकूण क्षेत्र गणनेच्या तक्त्याशी जुळत नाही म्हणून घाबरू नये, ते जुळणे अपेक्षितच नाही.

पडीच्या तीन रकान्यांत सर्वांत जास्त घोळ होतो. चालू वर्षी पेरणी न झालेली ती चालू पड, एक वर्षाहून अधिक पण पाच वर्षांपर्यंत पेरणी न झालेली ती इतर पड आणि पाच वर्षांहून अधिक काळ पेरणीविना राहिलेली ती मशागतयोग्य पडीक. येथे जमिनीचे रूप मोजले जात नाही, गेलेला काळ मोजला जातो. त्यामुळे मागील वर्षांच्या नोंदी नीट नसतील तर रकाना चुकतो. दुष्काळी वर्ष गणनेचे संदर्भ वर्ष ठरले तर चालू पड फुगते, हेही पाच वर्षांच्या अंतराने तुलना करताना ध्यानात असावे.

पुन्हा त्या ३.६० हेक्टरांच्या गटावर येऊ. खरिपात २.४० हेक्टरांवर सोयाबीन आणि ०.६० हेक्टरावर तूर आहे, ०.३० हेक्टर यंदा पेरलेच नाही आणि ०.३० हेक्टर विहीर, शेततळे, गोठा व वाटेत गेले आहे. निव्वळ पेरणी क्षेत्र झाले ३.०० हेक्टर. सोयाबीन निघाल्यावर त्याच जमिनीपैकी १.५० हेक्टरांवर हरभरा घेतला, तर निव्वळ क्षेत्र बदलत नाही, परंतु पिकांखालील एकूण क्षेत्र ४.५० हेक्टर होते आणि पीक घनता, म्हणजे निव्वळ क्षेत्राशी एकूण क्षेत्राचे प्रमाण, १५० टक्के येते. वहिती क्षेत्र मात्र या सगळ्यासह ३.६० हेक्टरच राहते, कारण खात्यातील न पेरलेली जमीनही त्यात धरतात. सरासरी १.०८ हेक्टर हा आकडा पेरलेल्या जमिनीचा आहे असे अनेक जण गृहीत धरतात, तसे ते नाही. तूर स्वतंत्र न घेता सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून ओळींनी घेतली असती, तर त्या शेताचे क्षेत्र दोन पिकांत प्रमाणात वाटून लिहावे लागले असते. ही वाटणी अंदाजाने होते आणि तूर, मूग, उडीद अशा पिकांच्या क्षेत्रात जी अनिश्चितता असते तिचे एक कारण हे आहे.

माळरान

माझ्या बहुतेक शंका फिटल्या. शेवटची एक. सिंचनाचा तपशील मला गावनिहाय हवा होता. दुसऱ्या टप्प्यातील आकडे गावापर्यंत वापरता येतील का?

नोंदवही

नाही. दुसरा टप्पा २० टक्के गावांच्या नमुन्यावर उभा असतो, म्हणून त्याचे आकडे तालुक्यापर्यंत अंदाज म्हणून वापरावेत, त्याखाली उतरू नये. निविष्ठा पाहणीचा नमुना तर आणखी लहान असतो, त्यामुळे ती माहिती वापरताना जिल्ह्याखाली जाणे मी टाळतो. गावनिहाय सिंचनासाठी आपण गाव नमुना बारा, म्हणजे सातबाऱ्यातील पिकांच्या नोंदीचा भाग, यातील जलसिंचनाचे रकाने आणि ई-पीक पाहणीच्या नोंदी पाहाव्यात आणि निदान दोन-तीन गावांत विहिरींवर स्वतः जाऊन त्या नोंदी ताडून घ्याव्यात. ताडताना ज्याच्या नावे विहीर आहे त्याच्यासोबतच ती मोटार चालू करणारा कोण, हेही विचारून घ्यावे. आपल्या टिपणाला हवी असलेली वहितीची माहिती त्यातूनच मिळेल.